सुट्टीतला डबा : तेंदूच्या हंगामातल्या नोंदी

१६ एप्रिल

मोह संपत आला. पंधरा-वीस दिवसांत तेंदूपत्ता, म्हणजे बिडीच्या पानांची तोडणी, सुरू होईल. आज ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचतगटांच्या संघाच्या, बैठकीत कर्जफेडीचा विषय संपला आणि शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या दोघी मावश्या उठून उभ्या राहिल्या. एरवी त्या बैठकीत बोलत नाहीत. मोठ्या मावशी म्हणाल्या, "सुट्टी लागली तरी खिचडीच्या टायमाले पोट्टे शाळेच्या फाटकापाशी येऊन उभे राहतेत जी. मी पान्याले जातो तं माझ्याकडं पायतेत. मी काय देऊ त्याईले?"

कोणीच काही बोललं नाही. हे प्रत्येकीने पाहिलेलं आहे. मीही पाहिलेलं आहे, दर वर्षी.

सुट्टीत या मावश्यांचंही मानधन बंद होतं, ते वर्षाचे दहाच महिने मिळतं. आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. म्हणजे २ मेपासून जवळजवळ दोन महिने शाळेची चूल थंड.

निवृत्त गुरुजी बैठकीला मुद्दाम आले होते. त्यांनी सांगितलं, की २००४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेचं जेवण द्या असा आदेश दिला होता. आपला चंद्रपूर जिल्ह्यातला सिंदेवाही तालुका धानाचा, तलावांचा. दुष्काळी यादीत नाव नाही तर आदेशही लागू नाही. पण पोट यादी पाहून भुकेजत नाही, असं मोठ्या मावशी लगेच म्हणाल्या.

ठरलं : या उन्हाळ्यात लेकरांसाठी डबा द्यायचा, घरी नेता येईल असा. नोंदी मी ठेवायच्या. वहीत लेकरांची नावं लिहिणार नाही, घरांना क्रमांक देते.

२० एप्रिल

तीन दिवस दोघीजणी टोल्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्त्या, फिरलो. मुख्य गाव आणि तीन टोल्या. सगळ्यात लांबची टोली शाळेपासून दोन किलोमीटरवर, वाटेत झुडपी जंगल.

फक्त ज्या घरांतली आई-बाप दोघं पानं तोडायला जातात अशी घरं मोजली. ३७ घरं, शाळेत जाणारी ६४ लेकरं.

प्रत्येक घरी एकच विचारलं : पत्त्याच्या दिवसांत लेकरू दिवसभर काय खातं? उत्तर जवळपास सारखंच. माय पहाटे चारला निघते. लेकरू उठून रात्रीचा शिळा भात मीठ-तिखट लावून खातं. माय अकरा-बाराला पानांचा भारा घेऊन परत येते, दोन घोट पाणी पिते आणि पुडे बांधायला बसते. सत्तर पानांचा एक पुडा. लेकरंही मोजायला, बांधायला बसतात. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या केंद्रावर, पोचवायचे. चूल पेटते ती रात्री. म्हणजे सकाळचा भात, मग एकदम रात्रीचा भात. मधे टेंभरं, चारं, कच्चे आंबे, रानात मिळेल ते.

घरात धान्य नाही असं एकाही घरी दिसलं नाही. रेशनचा तांदूळ आहे, धान आहे. दुपारी शिजवायला हात नाहीत. आणि वरण क्वचित, तेल त्याहून क्वचित. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते, कारण पुढे कोणी म्हणेल की तांदूळ वाटून टाका, काम झालं. कोरोनाच्या वर्षी शाळेने तांदूळ आणि कडधान्य घरी वाटलं होतं. त्या वेळी आया घरीच होत्या, म्हणून ते शिजलं. मे महिन्यात कच्चा तांदूळ नेऊन दिला तर तो रात्रीच्याच भातात जाईल.

तेव्हा आपल्या डब्याची अट ठरली : आठ वर्षांच्या पोरीने विस्तव न पेटवता खाता आलं पाहिजे.

२३ एप्रिल

डब्यात काय द्यायचं यावर आज दोन तास गेले. मावश्यांचं म्हणणं खिचडी. त्यांचा हात बसलेला आहे, लेकरांना आवडते, शाळेचं प्रमाण तोंडपाठ : पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी-सातवीला दीडपट. सहा-साडेसहाला शिजवून सातला डबे भरायचे, आठपर्यंत लेकरं घेऊन जातील.

घर क्र. ४ ची आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "सातू कायले नाई करत? आमच्या टायमाले पेरनीत सातूच नेत होतो."

सगळ्यांना आठवलं. गहू ओलवायचे, कुटून कोंडा पाखडायचा, वाळवून खरपूस भाजायचे, निम्म्या प्रमाणात हरभऱ्याची डाळ भाजायची, जिरं आणि सुंठ घालून एकत्र दळायचं. गुळाच्या पाण्यात कालवलं की जेवण. पण आता कोणी फारसं करत नाही, पोरांना सवय नाही, असं तरुण बायांचं मत पडलं. खिचडीवर शिक्कामोर्तब झालं. आजीचं म्हणणं मी वहीत उतरवून घेतलं.

२७ एप्रिल

जमवाजमव. दर घरी दोन किलो हरभरा. धान निघाल्यावर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जे पेरलं होतं त्यातलाच, नवा. नाही कोणी म्हटलं नाही. गहू, गूळ, शेंगदाणे विकत घ्यावे लागतील. ग्रामसंघाच्या खात्यातून हातउसने घेतले, ठराव लिहून.

एका शेतकरी काकाजींनी लाखोळी डाळीचं पोतं देऊ केलं, फुकट. मनापासून दिलेलं दान होतं, त्यामुळे नाकारताना जड गेलं. आपल्या झाडीपट्टीत लाखोळी पूर्वीपासून खातात, भाजी, वडे, वरण सगळं होतं. पण महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून पोटात गेली तर पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. रोजच्या रोज एकच डबा खाणाऱ्या लेकरांच्या पोटात ती घालायची नाही. काकाजींना हे नीट समजावून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे बाई. मंग तांदूळ नेजा." तांदूळ घेतला.

तेलाचा डबा नवा, सीलबंद घेतला. घरून कोणी डब्यात, कॅनमध्ये तेल आणलं तर घ्यायचं नाही असा नियम केला. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात २०१३ च्या जुलैत शाळेचं जेवण खाऊन २३ लेकरं गेली. तेलात कीटकनाशक होतं. आपल्याकडे प्रत्येक घराच्या छपरीत फवारणीचे रिकामे डबे पडलेले असतात आणि ते धुऊन वापरले जातात. या बाबतीत मी कोणाचंही ऐकणार नाही.

२ मे

काल निकाल लागले, आज सुट्टीचा पहिला दिवस. साडेतीनला उठलो. साडेसहाला खिचडी उतरली. मी, गुरुजी आणि एका लेकराची माय, तिघांनी आधी चव घेतली, अर्धा तास थांबलो, मग डबे भरले. आठ वाजेपर्यंत ६४ पैकी ५१ डबे गेले. लांबच्या टोलीची लेकरं आली नाहीत, गुरुजींनी मोटारसायकलवर नेऊन दिले.

लेकरं डबा छातीशी धरून जात होती. दिवसभर तेच डोळ्यांपुढे राहिलं.

३ मे

आज दुपारी साडेबाराला मी घर क्र. ११ ला गेले. डबा तसाच होता. पोरगं म्हणालं, वास येते. झाकण उघडलं. खिचडीला तार सुटली होती, आंबूस वास. टिनाचं घर, आत उभं राहवत नव्हतं.

तिथून धावत सुटले. जेवढी घरं जमली तेवढी फिरले, मावश्या दुसऱ्या टोलीत गेल्या. नऊ-दहाच्या आत ज्यांनी खाल्लं होतं ते ठीक. ज्यांनी दुपारसाठी राखून ठेवलं होतं, त्यांचं सगळं फेकायला लावलं. दोन लेकरांनी आंबलेली खिचडी खाल्ली होती, एकाला उलट्या झाल्या. मीठ-साखरेचं पाणी दिलं : लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. संध्याकाळी आरोग्य उपकेंद्रात दाखवलं. रात्री आठला पुन्हा जाऊन पाहिलं, खेळत होतं. तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घोट उतरला.

चूक माझी आहे. शाळेत खिचडी शिजते आणि तासाभरात ताटात पडते, म्हणून ती चालते. शिजलेला ओला भात बंद डब्यात, चव्वेचाळीस अंशांत, पाच तास. कितीही स्वच्छ हाताने केला तरी तो टिकणार नाही. एवढा साधा हिशेब मला बैठकीतच करता आला असता. आजीने सातू म्हटलं होतं तेव्हाच कारण विचारायला हवं होतं : पेरणीत, भर उन्हात, बांधावर दिवसभर ठेवायला माणसं सातूच का नेत होती?

४ मे

वाटप बंद. आजीकडे गेले, पाया पडले. ती म्हणाली, "मोठा गंज आना, गहू मी ओलवतो."

मोठे गंज समाजाच्या भांड्यांतले, ते एका लग्नाला गेलेले. मे महिना आहे, मांडव सगळीकडे. लग्नघरच्यांनी कारण ऐकलं आणि एक गंज, दोन सराटे काढून दिले.

गहू ओलवले, फडक्यात बांधून ठेवले. उद्या कुटायचे.

६ मे

काल पहाटे अंगणात आठ बाया, चार उखळं. कुटलं, पाखडलं, वाळवलं. वाळायला दोन तास पुरले, एवढं ऊन आहे. आज भाजणी. आजी दर खेपेला मूठभर गहू काढून दाताखाली चावून पाहते, कट्टकन मोडला तरच उतरवायला सांगते. ओल राहिली तर पीठ किडतं, असं तिचं म्हणणं, आणि आता मी तिचं प्रत्येक वाक्य लिहून घेते.

शेंगदाणे निवडायला शाळेतल्याच मोठ्या पोरी बसल्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे वेगळे काढून सरळ चुलीत. त्या बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही, म्हणून स्वस्तातले फुटके दाणे घेतले नव्हते.

चक्कीवाल्याने आपला दळणाचा दगड आधी साफ केला आणि दळणावळ घेतली नाही.

७ मे

पुन्हा सुरुवात. एका लेकराचा एका दिवसाचा वाटा :

सातूचं पीठ ६० ग्रॅम, त्यात ४० गहू, २० हरभरा. गूळ २० ग्रॅम. दाणे-गुळाचा लाडू एक, ४० ग्रॅमचा, त्यात दाणे २५ ग्रॅम.

गुरुजींनी आणि मी कोष्टक घेऊन हिशेब मांडला. साधारण ४८० उष्मांक, १५ ग्रॅम प्रथिनं. शाळेच्या आहाराला पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत. मोठ्यांसाठी ७०० आणि २०. म्हणजे लहानांचं भागतं, सहावी-सातवीच्या लेकरांना पीठ दीडपट आणि दोन लाडू द्यायला हवेत. दिले.

भाजी यात नाही. ती उणीव आहे आणि ती सातूने भरून निघत नाही. ज्यांच्या सांदवाडीत, परसात, मुंगना म्हणजे शेवगा आहे त्यांना पाला सुकवून द्यायला सांगितलं, पण तो सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला की पिवळा पडतो आणि सत्त्व जातं.

दोन दिवसांचं एकदम द्यायचं ठरवलं. पीठ टिकतं, मग लेकरांना रोज उन्हातून का चालवायचं? स्टीलचे डबे, प्लास्टिकच्या पिशव्या नाहीत.

९ मे

सहा-सात लेकरांना सातू आवडला नाही. "मातीसारखा लागते" असं घर क्र. २२ च्या पोराने स्पष्ट सांगितलं. धाकट्या मावशीने त्याच्यासमोर कैरी किसून, गूळ घालून पातळ कालवला. दोन वाट्या प्याला. आता सगळ्यांना हेच दाखवतो आहोत.

१२ मे

आजची नोंद लांब होईल.

दुपारी बाराला घर क्र. १९. लांबची टोली. चौथीतली पोरगी, तिच्या मागे दोन भावंडं, एक चार वर्षांचं, एक दीडचं, आणि आजी. आई-बाप रानात. पोरगी पहाटेपासून दीड वर्षाच्याला कडेवर घेऊन असते, आजीला नीट दिसत नाही.

मी गेले तेव्हा पोरीने भगुन्यात दोन तांबे पाणी घेतलं होतं. तिच्या एकटीच्या वाट्याचा सातू तिने त्यात ओतला, गूळ टाकला, पळीने ढवळला आणि चौघांना चार वाट्या वाढल्या. पाणीच ते. लाडू फोडला, चार तुकडे. दीडच्याला तुकडा तोंडात देताना आधी स्वतः चावून मऊ केला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, हा डबा तुझा आहे. तुला पुरेल एवढाच मोजून दिलेला आहे."

आजी म्हणाली, "हिचाच कसा व बाई? घरात आलं ते घराचं."

पोरगी माझ्याकडे पाहत होती, आपलं काही चुकलं का म्हणून. तिला मी काय सांगणार होते? की भावासमोर बसून एकटी खा? हे मी माझ्या लेकीला शिकवलं असतं का?

तिथून उठून पुढच्या पाच घरी गेले. चार घरी हीच गत. जिथे धाकटं लेकरू आहे तिथे डबा वाटला जातो. आपण वहीत लिहितो आहोत ६४ लेकरांना ४८० उष्मांक. प्रत्यक्षात कितीकांना त्याच्या निम्मं, पाव.

धाकट्यांची सोय कागदावर आहे. तीन वर्षांखालच्यांना अंगणवाडीतून घरपोच आहाराची पाकिटं आणि तीन ते सहाच्यांना अंगणवाडीत गरम जेवण. अंगणवाडी सेविका आमच्याच गावची, मन लावून काम करणारी. पण अंगणवाडी गावात आहे आणि ही लेकरं टोलीवर. मायबाप रानात असताना चार वर्षांच्याला दोन किलोमीटर कोण नेणार? चौथीतली पोरगी दोघांना उचलून?

१३ मे

तातडीची बैठक. वाद झाला, आणि चांगला झाला.

एक मत : डबा देणं बंद करा, लेकरांना शाळेत बोलवा, समोर बसवून खाऊ घाला. म्हणजे ज्याचं त्याच्या पोटात जाईल. हे म्हणणाऱ्या बाईंची तळमळ खरी आहे.

दुसरं : उन्हात चालत येणार कोण? आणि जी पोरगी धाकट्यांना सांभाळते ती त्यांना टाकून येणारच नाही. म्हणजे जिला सगळ्यात गरज, तीच गळणार.

गुरुजींचा पुतण्या नागपूरला शिकतो, सुट्टीत आलेला आहे. त्याने सांगितलं की अमेरिकेतही हाच पेच होता. तिथे सुट्टीत लेकरांना सरकारी खर्चाने जेवण मिळतं, पण ते ठरलेल्या जागी बसूनच खायचं असा नियम. विखुरलेल्या खेड्यांतली लेकरं पोचायचीच नाहीत. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात कायदा बदलला आणि ग्रामीण भागात डबा घरी न्यायची कायमची मुभा मिळाली, एका वेळी दहा दिवसांपर्यंतचा. धाकट्या मावशी म्हणाल्या, तिथंही अंतर आहे म्हणजे. मोठ्या मावशींनी विचारलं, घरी नेल्यावर तिथली लेकरं वाटून खात असतील का? पुतण्या म्हणाला, तिथे अठरा वर्षांपर्यंत सगळ्याच लेकरांना मिळतं, घरातल्या धाकट्यालाही.

तिथेच उत्तर सापडलं. शाळेच्या हजेरीपटावरून मोजलं ही चूक होती. चुलीवरून मोजायचं. ३७ घरांत सहाच्या आतली २२ लेकरं निघाली. ६४ आणि २२, एकूण ८६ वाटे. डब्यावर लेकराचं नाव नाही, घराचा क्रमांक. आत जितकी तोंडं तितके वाटे.

घर क्र. १९ च्या आजीचं काय, असं एकीने विचारलं. आजीचाही अर्धा वाटा धरला. तिला न देता ते घर खाणार नाही हे कालच पाहिलं.

दोन वर्षांखालच्यांना लाडू नाही, घशात अडकतो. त्यांचे दाणे बारीक कुटून पिठातच.

पैसे मात्र ६४ चे आहेत.

१५ मे

पैशाचा प्रश्न फळीवर सुटला. मोठ्या मावशी संध्याकाळी स्वतः तिथे गेल्या. पुडे मोजून घ्यायची रांग होती. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं : दर घरामागे रोज दोन पुडे लेकरांच्या नावाने. ज्यांच्या घरी लेकरं नाहीत तेही हो म्हणाले. फळीमुंशीने आपल्या वहीत वेगळा रकाना आखला आणि वर लिहिलं, "लेकरं".

मी हे पाहायला तिथे नव्हते. मावशींनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

१७ मे

लांबच्या टोलीच्या बोडीपाशी, लहान तळ्यापाशी, परवा वाघाचे पगमार्क दिसले. वनरक्षकाने दोन दिवस रानात जायला मनाई केली. ताडोबाच्या या बाजूला हे नवीन नाही, पानं तोडायला, मोह वेचायला गेलेली माणसं परत न आल्याची घरं आमच्या तालुक्यात आहेत. त्यामुळे कोणी हुज्जत घातली नाही.

टोलीची लेकरं यापुढे डब्यासाठी गावात येणार नाहीत. डबा टोलीवर जाईल, दिवसाउजेडी, दोघं मिळून. दूधवाला भाऊ सकाळी तिकडे जातोच, तो कॅनच्या बाजूला डब्यांची पेटी बांधून नेतो.

मनाईच्या दोन दिवसांत आया घरी होत्या. घर क्र. १९ ला दुपारी वरण शिजलं. पोरगी चिंचेखाली खेळत होती. तिला खेळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

२१ मे

डबे ३७, सगळे पोचले. लाडू पुरले.

२५ मे

आज नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, लागला. शाळेच्या व्हरांड्यातला तापमापक दुपारी तीनला ४६. वाटप सकाळी सातच्या आत संपवतो.

सातू कालवायला पाणी लागतं आणि टोलीच्या विहिरीने तळ गाठला आहे. गढूळ पाण्यात सातू कालवला तर आपणच आजार वाटतो आहोत. ग्रामपंचायतीने टँकरची एक खेप टोलीकडे वळवली. प्रत्येक घरी एक माठ फक्त पिण्याचा, त्यात क्लोरीनचे थेंब, हे आशाताईंनी घरोघर करून दाखवलं. पाणी आधी द्यायला हवं होतं आणि पीठ नंतर.

३१ मे

अंगणवाडी सेविकेबरोबर सहाच्या आतल्या २२ लेकरांची वजनं आणि दंडघेर. सुरुवातीला, १४ मेला घेतली होती, त्यांच्याशी ताडून पाहिली. बहुतेकांचं वजन टिकलं, काहींचं थोडं वाढलं. दोन आठवड्यांच्या आकड्यांवरून मी काहीही सिद्ध झालं असं म्हणणार नाही.

पण १४ मेला दोन लेकरांची पट्टी लाल आली होती, दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण. एकाला त्याच आठवड्यात पोषण पुनर्वसन केंद्रात भरती केलं, माय सोबत राहिली, तिच्या बुडलेल्या पुड्यांचे पैसे ग्रामसंघाने दिले. आज त्याचा दंडघेर बारा.

दुसरं घर क्र. १९ चं दीड वर्षाचं. त्याच्या आईने हंगाम संपल्यावर नेते म्हटलं. मी तेव्हा जास्त ताणलं नाही. आज साडेअकराच्या जरा वर, पट्टी पिवळी. सातू हे औषध नाही. अशा लेकराला दवाखानाच लागतो, आणि मी तेव्हाच हट्ट धरायला हवा होता.

८ जून

मृग लागला, आभाळ कोरडं. तेंदू संपून आठवडा झाला. आया घरी आहेत, मग डबा बंद करायचा का? पुन्हा घरं फिरलो. दुपारची चूल पेटते आहे, हे खरं. पण तेंदूचे पैसे अजून हातात पडलेले नाहीत आणि होते ते बियाण्याला गेले. भात आहे, भातावर घालायला चटणी आहे, डाळ नाही. या दिवसांत सातूऐवजी डाळ आणि दाणे दिलेले बरे, असं आयांनीच सांगितलं. आता दर घरी आठवड्याला मोजून तूरडाळ आणि लाडू. शिजवणारे हात परत आले आहेत, तर शिजवू द्यावं.

१४ जून

पहिला मोठा पाऊस. शाळेच्या खोलीत कोपऱ्यातली कोठी गळक्या कौलाखाली होती, सात-आठ किलो पिठाचे गोळे झाले. जनावरांना घातलं. कोठ्या विटांवर चढवल्या, भिंतीपासून हातभर लांब.

२२ जून

बांधीत परे, म्हणजे धानाच्या रोपांचं बी, टाकायची घाई. सकाळपासून कोणी भेटत नाही. घर क्र. ४ च्या आजीला ताप, उपकेंद्रात नेलं. तिने तापातही विचारलं, गहू कोनी ओलवले? कोणी नाही, आता पुढच्या एप्रिलला तुम्हीच, असं सांगितलं.

३० जून

शाळा सुरू झाली. दहाच्या सुमारास मावश्यांनी चूल पेटवली, धूर गावभर दिसला.

हिशेब ग्रामसंघासमोर वाचला. ३७ पैकी ३५ डबे परत आले. चार किलो सातू उरला, तो अंगणवाडीत दिला. फळीवरच्या पुड्यांचे पैसे आले की हातउसने फिटतील, थोडे उरतील. तीन घरांनी आपापली एकेक बांधी धान निघाल्यावर हरभऱ्याला द्यायचं कबूल केलं आहे. गहू मार्चमध्येच घ्यायचे, तेव्हा बाजारात नवे येतात. टोलीवर वाटपाची जागा एप्रिलमध्येच ठरवायची, पाण्याचा माठ पहिल्या दिवशी. फळीमुंशीला रकाना पहिल्याच पानावर आखायला सांगायचं.

घर क्र. १९ : धाकट्याला परवा पुन्हा ताप होता, खाणं कमी. माय परे टाकायला जाते, पोरगी आता शाळेत. गुरुवारी पहिल्या एसटीने त्याला ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, वजन आणि दंडघेर पुन्हा. मायला एका दिवसाची मजुरी ग्रामसंघाकडून. सोबत मी जाणार.